कळवायचं कोणी

बोम्मसंद्र्याच्या ज्या कारखान्यात मी कामाला लागले, तिथं कॉम्प्युटरचं खातं हिशेब खात्याच्या पोटात होतं. त्याला ईडीपी म्हणत. खातं म्हणजे एक एसीची खोली आणि मी. आमचे साहेब फायनान्स मॅनेजर होते. पगाराच्या स्लिपा वेळेवर छापून आल्या म्हणजे कॉम्प्युटर नीट चालताहेत, अशी त्यांची कसोटी होती, आणि त्यात त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

नव्वदच्या दशकातली ही मधली वर्षं. मी निपाणीकडची. बेळगावात डिप्लोमा करून बंगळूरला आले तेव्हा मराठी घरचं होतं, कन्नड बाजारातलं होतं आणि इंग्रजी नोकरीत येईलच अशी आशा होती. राहायला खोली मिळाली ती मडिवाळ्यात, आमच्याच कारखान्यातल्या स्टोअर्स सुपरवायझरांच्या घरी, माडीवर. त्यांचं घराणं मराठी, पण तीन-साडेतीनशे वर्षांपासून इकडेच राहिलेलं. त्यांच्या बोलण्यात क्रियापदं आपली असत आणि मधले शब्द कन्नड. ‘स्वल्प थांब, काफी होतेय’, असं त्यांची बायको जिन्यातून हाक मारून सांगायची. मी त्यांना अण्णा आणि अक्का म्हणायचे. अण्णा घरी मला ‘अगं’ म्हणत आणि कंपनीच्या बसची पायरी चढली की ‘मॅडम’. पहिले काही दिवस मला हसू यायचं. मग सवय झाली.

आम्ही पंपांचे शाफ्ट बनवत होतो. त्यासाठी निरनिराळ्या जातीच्या पोलादाच्या सळ्या यायच्या. प्रत्येक जातीच्या सळीच्या टोकाला वेगळा रंग लावलेला असे. ह्या सळ्या कोणाला, कुठल्या कामासाठी द्यायच्या, ते स्टोअर्स ठरवी. मागितलेली जात नसेल आणि तिच्याऐवजी दुसरी द्यायची असेल, तर सुपरवायझरची मंजुरी लागे. पूर्वी ही मंजुरी कागदावर सहीनं होत असे. मग कॉम्प्युटर आले.

त्याआधी आमच्याकडे एक मोठं मशीन आणि त्याला जोडलेले, हिरव्या अक्षरांचे टर्मिनल होते. ते जाऊन सगळीकडे पीसी बसले. नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली, माउस आले. मुंबईच्या हेड ऑफिसनं त्याबरोबर एक सॉफ्टवेअरही घेतलं, ज्यामुळे कारखान्यातला प्रत्येक पीसी माझ्या खोलीतल्या सर्व्हरवरून हाकता यावा. कोणाला कुठला स्क्रीन दिसावा, कोणाचे कागद कुठल्या प्रिंटरवर निघावेत, मंजुरीचं बटण कोणाला मिळावं, हे मी एका जागी बसून ठरवायचं. माणूस आपलं नाव आणि पासवर्ड घालून आत शिरला की त्याच्यापुरतं जे आहे तेवढंच त्याला दिसे. पाळी बदलली की पहिल्यानं आपलं नाव बंद करायचं, दुसऱ्यानं आपलं घालायचं. पीसी तोच, माणसं वेगळी. मला ही व्यवस्था मनापासून आवडली होती. शॉपमध्ये तेलकट हातांनी माउस धरणाऱ्या माणसांना मी स्वतः शिकवलं होतं.

स्टोअर्समधला पीसी दिवसा अण्णा वापरत आणि संध्याकाळी दुसऱ्या पाळीचा क्लार्क. मंजुरीचं बटण फक्त अण्णांच्या नावाला होतं.

त्या पावसाळ्यात शाफ्टचा एक अख्खा लॉट कडक करताना तडकला. भट्टीतून बाहेर आला तो चिरा घेऊनच. शोध घेतला तेव्हा कळलं की सळ्याच चुकीच्या जातीच्या गेल्या होत्या. स्टोअर्सच्या नोंदीत तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. मागितलेली जात शिल्लक नाही म्हणून दुसरी दिली, मंजुरी अण्णांची. फक्त ती मंजुरी संध्याकाळी उशिरा पडलेली होती. त्या वेळी अण्णा कंपनीच्या बसमधून घरी येऊन, हातपाय धुऊन, बातम्या ऐकत बसलेले असत. मी त्याच घरात राहत होते. मला ते ठाऊक होतं.

पर्सोनेल मॅनेजरांचं म्हणणं सरळ होतं. एक तर सुपरवायझरनं कुठून तरी ही मंजुरी दिली, किंवा आपला पासवर्ड दुसऱ्याला दिला. दोन्ही गुन्हे. अण्णांना मेमो मिळाला, तो नोटीस बोर्डावरही लागला. चौकशी होईपर्यंत त्यांनी स्टोअर्समध्ये जायचं नाही असं ठरलं. जिथं हजेरी लागते त्या टाइम ऑफिसच्या बाहेर एक टेबल टाकून दिलं. तिथं ते दिवसभर बसू लागले. येणारे-जाणारे लोक त्यांना नमस्कार करत आणि भराभर पुढे जात.

दुसऱ्या पाळीच्या क्लार्कलाही बोलावलं होतं. त्यानं काहीच लपवलं नाही. तो म्हणाला, “सळी शिल्लक नव्हती. बदली देण्याचं बटण समोर दिसत होतं, मी दाबलं. कॉम्प्युटरनं घेतलं. मला वाटलं, आता आम्हालाही परवानगी दिली असेल.”

“तुला ते बटण दिसूच शकत नाही,” पर्सोनेल मॅनेजर म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“दिसायला नको,” मी म्हटलं. एवढंच मला खात्रीनं सांगता येत होतं.

मी स्टोअर्सच्या पीसीवर जाऊन बसले. अण्णांच्या जागी एक चाचणीचं नाव तयार केलं, त्याला मंजुरी दिली, ते बंद केलं आणि क्लार्कचं नाव घातलं. बटण दिसलं नाही. पुन्हा केलं. माझ्या खोलीतल्या पीसीवर केलं. दिसलं नाही. सगळं जसं असायला हवं तसंच होतं. दुपारी जेवायला गेले तेव्हा लोकांनी विचारलं, सापडलं का काही? मी नाही म्हटलं. त्या ‘नाही’चा अर्थ त्यांनी आपल्या परीनं लावला असणार.

 घरी अण्णा जेवून उठत, ओसरीवर बसत. अक्कानं एकदा मला स्वयंपाकघरात धरलं.

“तुझ्या कॉम्प्युटरनं सांगितलं म्हणे, ह्यांनी केलं म्हणून.”

“कॉम्प्युटरनं नाव सांगितलं, अक्का. माणूस नाही सांगितला.”

“मग माणूस तू सांग की,” ती म्हणाली आणि चपाती लाटू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये मी अण्णांच्या शेजारी जाऊन बसले. बस होसूर रोडला लागली होती. मी विचारलं, “अण्णा, त्या संध्याकाळी निघताना तुम्ही काय काय केलं? मला सगळं सांगा. कामाचं नसलं तरी.”

त्यांनी खिडकीबाहेर बघत, घाई न करता सांगितलं. दुपारनंतर माल दिल्याच्या स्लिपा फार होत्या. त्या छापायला सोडल्या होत्या. मध्येच प्रिंटरचा कागद संपला. नवा गठ्ठा आतल्या कपाटात होता, किल्ली पॅकिंगच्या माणसाकडे. तेवढ्यात बसचा हॉर्न झाला. राहिलेल्या स्लिपा सकाळी निघतील म्हणून त्यांनी आपलं नाव बंद केलं आणि ते निघाले.

“नाव बंद केलं हे नक्की?”

“नक्की. तू शिकवलंस तसंच. दुसऱ्याला नाव घालायचा मोकळा चौकोन दिसला पाहिजे, तो दिसला. मग निघालो.”

बस बोम्मसंद्र्याला पोचेपर्यंत ती अडकलेली छपाई माझ्या डोक्यात घोळत होती. पोचल्यावर तडक स्टोअर्समध्ये गेले. प्रिंटरमधला कागद काढून ठेवला. चाचणीच्या नावानं काही स्लिपा छापायला सोडल्या. त्या अर्थातच छापल्या गेल्या नाहीत, रांगेत अडकून राहिल्या. मग ते नाव बंद केलं आणि क्लार्कचं नाव घातलं. वर कोपऱ्यात क्लार्कचं नाव आलं. खाली मंजुरीचं बटण होतं. दाबलं, आणि सर्व्हरवर जाऊन बघितलं तर मंजुरी चाचणीच्या नावावर चढली होती.

पहिल्या माणसाचं काही छापायचं राहिलेलं असेल, तर ऑपरेटिंग सिस्टिम त्याचं सर्व्हरशी असलेलं नातं तोडत नव्हती. पुढच्या माणसाला आत घेत होती, पण जुन्याचे हक्क तसेच ठेवून. माझ्या सॉफ्टवेअरला त्यातलं काहीच कळत नव्हतं. त्याला वाटत होतं, अण्णा अजून बसलेलेच आहेत.

मला खूप हलकं वाटलं, हे कबूल करायला हवं. मी ते साहेबांना दाखवलं. साहेबांनी पर्सोनेल मॅनेजरांना फोन केला. ते आले नाहीत, त्यांनी मलाच बोलावून घेतलं आणि उभं ठेवूनच विचारलं.

“तुम्ही त्यांच्याच घरी राहता ना?”

“हो. भाडं देऊन.”

“मग तुमच्या सांगण्यावर मी चौकशी कशी मिटवू? उद्या युनियन म्हणेल, ओळखीच्याला एक न्याय आणि बाकीच्यांना दुसरा. ज्यांनी ही सिस्टिम बनवली त्यांच्याकडून लेखी आणा, की असा दोष आहे. मी तेवढ्यावर फाइल बंद करतो.”

राग आला, पण त्यांच्या जागी त्यांचं बरोबर होतं. लेखी हवं असेल तर आधी त्या लोकांना कळवायला हवं. ते मी करते, असं सांगून मी बाहेर पडले. तेव्हा मला वाटलं होतं की एका फॅक्सचं काम आहे.

पहिल्यांदा साहेबच अडले. “आपण कोण कळवणार? आपण गिऱ्हाईक. ज्यानं विकलं त्याला सांगा, तो वर सांगेल.”

म्हणून मी डीलरला फोन केला. त्यांचा इंजिनीयर शहरातून आला. चांगला माणूस होता. त्यानं सगळं बघितलं, मान हलवली. म्हणाला, “मॅडम, पीसी आमचा. हार्ड डिस्क गेली, मॉनिटर गेला, मी बदलून देतो. ऑपरेटिंग सिस्टिम आम्ही फक्त घालून देतो. तिचं लायसन्स तुमच्या नावानं आहे. तक्रार तुम्हीच केली पाहिजे.”

मग ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या इथल्या ऑफिसला फोन केला. तिथल्या बाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पीसींवर नियंत्रण ठेवणारं सॉफ्टवेअर कोणाचं? ते दुसऱ्या कंपनीचं आहे म्हटल्यावर ती म्हणाली, आधी त्यांनी तपासून सांगावं की दोष त्यांचा नाही. मद्रासला त्या दुसऱ्या कंपनीला फोन केला. ते म्हणाले, दोष आमचा नाही हे आम्हाला बघताक्षणी कळतंय, पण आम्ही ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांना कसं कळवणार? आम्ही त्यांचे गिऱ्हाईक नाही. तुम्ही आहात.

शेवटी हेड ऑफिसला विचारलं, कारण सॉफ्टवेअर त्यांनी घेतलं होतं. तिथून उत्तर आलं की कुठल्याही युनिटनं बाहेरच्या कंपन्यांशी परस्पर पत्रव्यवहार करू नये. काय असेल ते हेड ऑफिसला पाठवावं, तिथली कमिटी बघेल. कमिटी कधी बसते, असं मी विचारलं. गरज पडली की, असं सांगितलं गेलं.

ह्या सगळ्यांत लबाड कोणी नव्हतं. प्रत्येकजण आपल्या दारापर्यंत येऊन थांबत होता आणि पुढचं दार दाखवत होता. ह्यात दिवस जात होते आणि अण्णा टाइम ऑफिसच्या बाहेर बसलेले होते. घरी अक्कानं मला विचारणं बंद केलं होतं. ते विचारण्यापेक्षा जड गेलं.

एका संध्याकाळी आमची बस बिघडली. गेटबाहेर चहाच्या टपरीवर बरेच लोक थांबले होते. शेजारच्या कारखान्यात माझ्यासारखंच काम करणारा एक जण तिथं भेटला. तो विजापूरकडचा, माझ्याशी मराठीत बोलायला त्याला आवडायचं. आमच्याकडचे पीसी आणि त्यांच्याकडचे पीसी एकाच सुमाराला आलेले. मी त्याला सगळी हकिगत सांगितली. नाव बंद केलं तरी हक्क उरतात हे सांगू लागले, तेव्हा त्यानं मध्येच म्हटलं,

“प्रिंट अडकली असली की ना?”

मी ग्लास खाली ठेवला. “तुला माहीत आहे?”

“अगं, आमच्याकडे पहिल्यापासून आहे. आम्ही पाळी बदलताना पीसी बंद करून पुन्हा चालू करतो. प्रत्येक स्क्रीनवर चिठ्ठी चिकटवलीय.”

“कोणाला कळवलंस?”

“कोणाला कळवायचं? एवढी मोठी कंपनी आहे, त्यांना माहीत नसेल का? कोणीतरी सांगितलंच असेल.” मग थोडा विचार करून तो म्हणाला, “पलीकडच्या कास्टिंगवाल्यांकडेही तसंच करतात. त्यांच्याकडूनच मी ती चिठ्ठीची युक्ती घेतली.”

मी त्याला विचारलं, तुमच्याकडे कोणाच्या नावावर भलतं काही पडलं नाही का? तो म्हणाला, पडलं असेल तरी आम्हाला कळलेलं नाही. हे उत्तर माझ्या डोक्यात घरी पोचेपर्यंत राहिलं. होसूर रोडवरच्या एका पट्ट्यात तीन कारखान्यांना हा दोष ठाऊक होता. तिघेही आपापल्यापुरता उपाय करत होते किंवा शोधत होते. ज्यांनी तो दुरुस्त करायचा, त्यांना तो ठाऊक असेल असं बाकीचे दोघे धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी मी प्लांटच्या जनरल मॅनेजरांना भेटायला गेले. साहेबांना आधी सांगितलं. ते म्हणाले, “जा, पण मी पाठवलं असं सांगू नका.” जनरल मॅनेजर उंच, कमी बोलणारे कोडगू भागातले गृहस्थ होते. त्यांना मशीनं कळत, कॉम्प्युटर फारसे नाही. मी त्यांना समजावून सांगत बसले नाही. म्हटलं, “सर, मला अर्धा तास आणि पर्सोनेल मॅनेजरांचा पीसी हवा आहे. त्यांच्या समोर.”

पर्सोनेल मॅनेजरांच्या केबिनमध्ये आम्ही जमलो. जनरल मॅनेजर, साहेब, मी आणि पर्सोनेलच्या टायपिस्ट. टायपिस्ट बाई वयानं मोठ्या, साऱ्या कारखान्याच्या रजेच्या चिठ्ठ्या त्याच टाइप करत. मी पर्सोनेल मॅनेजरांना म्हटलं, “सर, तुम्ही तुमच्या नावानं आत जा. मी पासवर्डकडे बघत नाही.” मी भिंतीकडे तोंड केलं. ते आत गेले. मग मी प्रिंटरचा कागद काढला आणि त्यांना एक पत्र छापायला सोडायला सांगितलं. ते अडकलं. “आता तुमचं नाव बंद करा.” त्यांनी बंद केलं. मोकळा चौकोन आला. “आता बाई, तुम्ही तुमचं नाव घाला.”

बाईंनी पदराला हात पुसले आणि आपलं नाव घातलं.

“आता कोणाचीही रजा मंजूर करा.”

“मला ते बटणच नसतं, मॅडम.”

“बघा तर.”

त्यांनी बघितलं. बटण होतं. त्यांनी पर्सोनेल मॅनेजरांकडे पाहिलं. जनरल मॅनेजर म्हणाले, “दाबा.” बाईंनी दाबलं. साहेबांची अर्ज करून पडलेली रजा मंजूर झाली, आणि मंजूर करणाऱ्याच्या जागी पर्सोनेल मॅनेजरांचं नाव आलं.

 पर्सोनेल मॅनेजरांनी चष्मा काढून पुसला. “मी तर इथं हातही लावला नाही,” ते म्हणाले. ते स्वतःशीच बोलत होते, पण सगळ्यांना ऐकू आलं. हेच वाक्य अण्णांनी चौकशीत म्हटलेलं होतं, असं मला नंतर कळलं. तेव्हा मी ते म्हणून दाखवलं नाही, कारण मला ठाऊकच नव्हतं.

जनरल मॅनेजरांनी मला विचारलं, “हे त्या कंपनीला कळवलंय का?”

मी फोनांची सगळी साखळी सांगितली. डीलर, मद्रास, मुंबई. ते ऐकत राहिले.

“हे पहिल्यांदा कोणी बघितलं?”

“बघितलं म्हणजे, झालं ते स्टोअर्सच्या सुपरवायझरांच्या नावावर. क्लार्कला ते बटण दिसलं.”

“आणि पुन्हा कोण घडवून आणू शकतं?”

“मी.”

“मग तुम्ही लिहा. ज्याला पुन्हा करून दाखवता येतं त्यानं लिहावं. त्यांनी उलट प्रश्न विचारले तर उत्तर कोण देणार, हेड ऑफिसची कमिटी? आणि ज्यांच्यावर हे बेतलं त्यांचीही नावं घाला, म्हणजे हा खेळ नाही हे त्यांना कळेल.”

साहेब म्हणाले, “सर, हेड ऑफिसची परवानगी...”

“मी बघतो,” जनरल मॅनेजर म्हणाले. नंतर हेड ऑफिसचं रागाचं पत्र आलं ते खरं, पण ते त्यांच्याच नावानं आलं आणि त्यांनी त्याचं काय केलं ते मला कधी कळलं नाही.

त्या दुपारी मी तक्रार लिहिली. तोपर्यंत मला वाटत होतं की तक्रार म्हणजे रागानं लिहायची गोष्ट. बसून लिहायला लागले तेव्हा लक्षात आलं की राग त्यात बसत नाही. कुठली आवृत्ती, कुठलं सॉफ्टवेअर बरोबर चालतं, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. कागद संपल्याची गोष्ट पहिल्याच ओळीत घातली, कारण ती नसती तर त्यांनाही माझ्यासारखंच काही दिसलं नसतं. शेवटी लिहिलं, की ह्या दोषामुळे आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यावर ठपका आला आहे. खाली माझी सही, त्याखाली अण्णांची आणि क्लार्कची. क्लार्क सही करताना म्हणाला, “माझं नाव अमेरिकेला जाणार का?” मी म्हटलं, जाईल बहुतेक. तो खूश झाला.

अण्णांनी मात्र आधी सगळं वाचून घेतलं. इंग्रजी त्यांना चांगलं येई. “ज्येष्ठ सहकारी” ह्या शब्दांवर बोट ठेवून म्हणाले, “हे नको. नुसतं सुपरवायझर लिही. मला त्यांची दया नको, त्यांना दोष कळू दे.” मी ते बदललं. ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांना फॅक्स गेला, त्याची एक प्रत मद्रासला आणि एक डीलरला.

चौकशी मिटवायला त्या लेखी उत्तराची वाट बघावी लागली नाही. केबिनमधल्या त्या दुपारनंतर पर्सोनेल मॅनेजरांनीच दुसऱ्या दिवशी फाइल बंद केली. अण्णांना बोलावून त्यांनी हात मिळवला आणि उद्यापासून स्टोअर्समध्ये जा म्हणाले. अण्णा म्हणाले, “जातो. पण मेमो नोटीस बोर्डावर लागला होता. मागे घेतल्याचंही तिथंच लागलं पाहिजे.” पर्सोनेल मॅनेजरांना ते आवडलं नसावं, पण लागलं. जेवणाच्या सुट्टीत लोक तो कागद वाचायला थांबत होते. अण्णा स्वतः तिकडे गेले नाहीत.

ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांचं उत्तर बऱ्याच आठवड्यांनी आलं. त्यात लिहिलं होतं की त्यांनी तसं करून पाहिलं आणि तसंच घडलं. दोष त्यांचा आहे, पुढच्या दुरुस्तीत निघेल, तोवर पाळी बदलताना पीसी बंद करून चालू करावा. तक्रारीला एक नंबर दिला होता. आणि एक वाक्य होतं, की अशी तक्रार त्यांच्याकडे ह्याआधी नोंदलेली नाही.

ते वाक्य मी दोनदा वाचलं. मग शेजारच्या कारखान्यात फोन लावला. विजापूरच्या त्या मित्राला नंबर सांगितला आणि म्हटलं, तूही तुझ्याकडून लिही, ह्या नंबरचा उल्लेख करून. तो म्हणाला, आता कशाला, तू कळवलंयस ना? मी म्हटलं, माझं एकटीचं असेल तर त्यांना वाटेल निपाणीच्या बाईच्या कारखान्यातच काहीतरी विचित्र आहे. तो हसला, पण त्यानं लिहिलं. कास्टिंगवाल्यांनीही लिहिलं असं तो नंतर सांगत होता. दुरुस्ती आली ती पुढच्या वर्षी, फ्लॉपींच्या एका डब्यातून. मी प्रत्येक पीसीवर ती घालत फिरले. काम कंटाळवाणं होतं. प्रिंटरचा कागद काढून पाहिला, बटण दिसलं नाही. तेवढंच.

आमच्याकडे मात्र त्यानंतर एक रीत पडली, कोणी लिहून न ठेवता. कॉम्प्युटरनं काही भलतं केलं तर ज्याच्यासमोर घडलं त्यानं थेट ईडीपीत येऊन सांगायचं. मी ते पुन्हा घडवून बघायचं. घडलं तर ज्याची वस्तू त्याला माझ्या सहीनं कळवायचं. साहेबांना प्रत द्यायची, परवानगी मागायची नाही. साहेबांना ही रीत मान्य होती असं नाही, पण त्यांनी ती मोडलीही नाही. पुढच्या काही वर्षांत मी असे बरेच फॅक्स पाठवले. लोक सांगत आले त्यांतल्या निम्म्याहून अधिक वेळा मात्र दोष आमचाच निघाला आणि फॅक्स लिहावाच लागला नाही. ते मला चालत होतं. लोक येऊन सांगत होते.

अण्णा स्टोअर्समध्ये परतल्यानंतर कित्येक दिवस ते पीसीसमोर सहज बसत नसत. आपलं नाव घालताना एक क्षण थांबत. संध्याकाळी नाव बंद करून मग स्विचही बंद करत आणि प्लगवर हात ठेवून बघत.  माझ्या व्यवस्थेवरचा त्यांचा विश्वास गेला होता, आणि तो माझ्या सांगण्यानं परत आला नसता.

मग एका सकाळी त्यांचा फोन आला. “मॅडम, स्टोअर्समध्ये या. कीबोर्डवर अक्षरं उमटत नाहीत. ऑपरेटिंग सिस्टिमचा दोष वाटतो. मी कशालाही हात लावलेला नाही. तुम्ही येऊन बघा, मग लिहा.”

मी गेले. टेबलाखाली वाकून बघितलं तर कीबोर्डची वायर सैल झाली होती. झाडूवाल्या बाईचा झाडू अडकला असणार. मी ती घट्ट बसवली, अक्षरं उमटली. अण्णांनी एक ओळ टाइप करून पाहिली.

“म्हणजे सिस्टिमवाल्यांना कळवायचं नाही,” ते म्हणाले.

“नाही अण्णा. हे आपलंच.”

“सरी, ठीक आहे,” ते म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून कामाला लागले.